पेटीवाला खेळ

एखादा जुना खेळ नव्याने बाजारात आला की लोक विचारतात, चित्रं सुधारली का, आवाज कसा आहे, किती दिवस पुरतो. आमच्या समोर राहणाऱ्या कमलकाकू एवढंच विचारायच्या, "पेटी आहे का यात?" पेटी नसली तर त्यांच्या लेखी तो खेळ बाद. मग त्यात नदीचं पाणी अगदी खरं वाटो, की ढगांच्या सावल्या डोंगरावरून सरकत जावोत, काकूंचं तोंड वाकडं ते वाकडंच.

परवा आमच्या स्टाफरूममध्ये एक तरुण सहकारी असंच कौतुकाने सांगत होता. लहानपणी खेळलेला कुठलासा खेळ आता नवं रंगरूप घेऊन आलाय म्हणे. माझ्या तोंडून निघून गेलं, "पेटी ठेवलीय का त्यांनी?" तो माझ्याकडे बघतच राहिला. इंग्रजी शिकवणाऱ्या, केस पिकू लागलेल्या बाईला यातलं काय कळतं, हे त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. मी विषय बदलला. पण त्या दिवशी घरी येईपर्यंत डोक्यात ती टिणटिण धून वाजत राहिली आणि काकू काही मनातून जाईनात.

नव्वदीच्या मध्यावर लग्न होऊन मी नाशिकरोडला आले. जेलरोडच्या बाजूला तीन मजली इमारत, तळमजल्यावर समोरासमोर दोन दारं. एक आमचं, एक काकूंचं. माझं कॉलेज सकाळचं. दुपारी मी परत यायची तेव्हा सगळी इमारत जेवून लवंडलेली असे. काकूंचं दार मात्र उघडं. आत पडदे ओढलेले, टीव्हीचा निळसर उजेड भिंतीवर हलतोय आणि तीच ती बारीकशी धून पुन्हा पुन्हा वाजतेय. मध्येच स्टेशनाकडून एखाद्या मालगाडीची लांब शिटी येई. ती त्या सुरात मिसळली की मला दाराशीच पेंग यायची. पहिले काही दिवस मी समजत होते की काकूंची नातवंडं सुट्टीला आली असतील. नातवंडं कुठली, त्यांना मूलबाळच नव्हतं. खेळत होते ते साठीला टेकलेले अण्णा, काकूंचे यजमान, आणि शेजारी मेथी निवडत बसलेल्या काकू त्यांना रस्ता सांगत होत्या.

अण्णा रेल्वेत गार्ड. अख्खी नोकरी मनमाडला काढलेला, मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसून मुलुख पाहिलेला माणूस. निवृत्ती तोंडावर आली आणि अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. म्हणजे सगळीच नाही गेली. नोकरीभर ते साहेबांशी इंग्रजी, हमालांशी हिंदी आणि घरात छापील मराठी बोलत. ते सगळं पुसलं गेलं, आणि सटाण्याकडच्या गावात लहानपणी बोललेली अहिराणी तेवढी चार शब्दांनी मागे राहिली. काकू पंचवटीतल्या; त्यांना अहिराणीचा गंध नव्हता. त्या म्हणायच्या, सासरची भाषा शिकायला मला म्हातारपण उजाडलं.

डॉक्टरांनी बजावलं होतं, बोटं हलती ठेवा, नाहीतर हात आखडून बसेल. व्यायामाला एक रबरी चेंडू दिला. अण्णांनी तो डाव्या हाताने खिडकीबाहेर फेकला. दुसरा आणला, तोही त्याच वाटेने गेला. त्यांना जगण्यातच रस उरला नव्हता, आणि काकू हे अण्णांच्या देखतच मला सांगायच्या. "चेंडू दाबून काय मिळणार, असं वाटतं ह्यांना. बरोबरच आहे. मला तरी काय मिळालं असतं?" मग अण्णांच्या भाच्याने देवळाली कॅम्पाच्या बाजारातून टीव्हीला जोडायचा खेळ आणला, सोबत दोन कॅसेटी. पहिल्या कॅसेटीत नुसतं पळायचं आणि उड्या मारायच्या. अण्णांचा गडी दर वेळी पहिल्याच खड्ड्यात पडे. ते सगळं यंत्रच खिडकीबाहेर जाणार असं दिसताच काकूंनी घाईने दुसरी कॅसेट खुपसली. ती पिवळी होती.

जाणकार मंडळी ज्याला आज फार मानतात, त्या खेळाची ती पहिली आवृत्ती. हे मला फार पुढे कळलं. त्याचं खरं नाव मी नंतर कधीतरी इंग्रजीत वाचलं, आणि ते इतकं भपकेबाज निघालं की लगेच विसरले. खेळ साधा. चार वाटसरू एका ओळीत चालतात. गावं लागतात, माणसं भेटतात, काहीबाही सांगतात. वाटेत राक्षस आडवे येतात. पण इथे पळापळ नाही. राक्षस समोर येऊन उभा राहतो आणि तुमचं काय ते ठरेपर्यंत थांबतो. तुम्ही चहा पिऊन या, तो थांबलेलाच असतो. डाव्या अंगठ्याने दिशा द्यायची आणि उजव्याने फक्त 'हो' म्हणायचं. अण्णांच्या उजव्या अंगठ्याला एक 'हो' म्हणायला बराच वेळ लागे. तेवढा वेळ राक्षस, राजा, नावाडी, सगळे अदबीने उभे राहत. घाई न करता ह्यांच्यासाठी थांबणारं जगात एवढंच उरलंय, असं काकू म्हणत.

भानगड एकच होती. पडद्यावरची अक्षरं सगळी जपानी. काकूंना त्याची काडीइतकी अडचण वाटली नाही. पहिल्याच दुपारी त्यांनी गोष्ट सांगायला सुरुवात केली, जणू लहानपणापासून पाठ आहे. पहिलं गाव नाशिक, कारण नदीकाठी आहे. डोंगरातलं देऊळ त्र्यंबक. दाट जंगल लागलं ते पेठकडचं. वाळवंट आलं तेव्हा जरा अडल्या, मग म्हणाल्या, मालेगावच्या पुढे उन्हाळ्यात असंच असतं. आणि जिथे सगळ्या वाटा येऊन मिळतात ते गाव अर्थातच मनमाड. राजा म्हणजे डिव्हिजनचे मोठे साहेब. नुसता हुकूम सोडतात, बरोबर कधी येत नाहीत. एका गावात विहिरीपाशी एक म्हातारी उभी असे आणि कितीदा बोललं तरी एकच वाक्य म्हणे. काकूंनी ठरवून टाकलं, ती "जेवून जा" म्हणते. म्हाताऱ्या बाया दुसरं काय म्हणणार, असा त्यांचा सवाल होता. तेव्हापासून त्या गावावरून जाताना अण्णा वाट वाकडी करून म्हातारीला भेटून येत.

आणि मग ती पेटी. वाटसरूंपैकी एखाद्याचा जीव मार खाऊन संपला की त्याच्या जागी एक लहानशी काळी पेटी दिसे. ती ओळीत सगळ्यांच्या मागे जाई आणि बाकीचे चालतील तशी घसरत चाले. पुढच्या देवळात गेलं, पुजाऱ्याला 'हो' म्हटलं, की पेटीतला माणूस पुन्हा उभा. पहिल्यांदा ती पेटी दिसली तेव्हा काकूंनी हातातली जुडी खाली ठेवली आणि माहेरचं माणूस दिसावं तशा म्हणाल्या, "अहो, ही तर गार्डाची पेटी."

रेल्वेच्या घरात राहिलेल्यालाच हे सुचावं. गार्डाला तेव्हा एक काळी लोखंडी पेटी असे, वर पांढऱ्या रंगात नाव घातलेली. आत कंदील, झेंडे, जेवणाचा डबा, पांघरूण. गार्ड ड्यूटीवर निघाला की हमाल त्याची पेटी शेवटच्या डब्यात चढवी आणि मगच गाडी हले. अण्णा नीट बोलत होते तेव्हाचं त्यांचं पेटंट वाक्य होतं म्हणे, "पेटी चढल्याशिवाय गाडी सुटत नाही." स्वयंपाक रखडो, लग्नाचा मुहूर्त टळो, पाहुणे खोळंबोत, सगळ्याला हेच एक वाक्य. त्यांची स्वतःची जुनी, गंजून निकामी ठरलेली पेटी त्यांनी घरी आणून ठेवली होती आणि टीव्ही त्या पेटीवरच बसवलेला होता. तेव्हा काकूंचा हिशेब सरळ होता. वाटसरू दमला की गार्डाच्या पेटीत आडवा होतो, बाकीचे त्याला ओढत नेतात, देवळात गरम गरम पोटात गेलं की तो उठून बसतो. अण्णांनी हे ऐकलं. टीव्हीखालच्या पेटीकडे पाहिलं, पडद्यावरच्या पेटीकडे पाहिलं, आणि हसले. झटक्यानंतर ते पहिल्यांदा हसले ते तेव्हा, असं काकू सांगत. "शे," एवढंच म्हणाले. आहे, तसंच आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा आपणहून टीव्हीसमोर येऊन बसायची खटपट करू लागले. बोटं हलू लागली ती अशी.

त्या खेळाची एक खोड होती. यंत्र बंद केलं की तो सगळं विसरे. मात्र बंद करण्याआधी पडद्यावर जपानी अक्षरांच्या काही ओळी दाखवी. पुढच्या वेळी तीच अक्षरं त्याच क्रमाने भरली की वाटसरू जिथे थांबले होते तिथून निघत. काकूंनी आधी कागदावर उतरवून पाहिलं, पण सहीपलीकडे पेन धरायची त्यांना सवय नव्हती. रांगोळीत मात्र अख्ख्या जेलरोडला त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्या रोज संध्याकाळी ठिपके देऊन दाराबाहेर ती अक्षरं रांगोळीने काढून ठेवू लागल्या. झाडणाऱ्या बाईला ताकीद होती, इथे केरसुणी लावायची नाही. दुसऱ्या दिवशी काकू दारात पाट टाकून बसत आणि आतल्या अण्णांना एकेक आकार सांगत. आता वेलीचं पान घ्या. आता उलटा कोयता. आता मांडी घातलेली बाई, कानात दोन ठिपके. अण्णा पडद्यावर तो आकार शोधून काढत आणि सावकाश 'हो' म्हणत.

इमारतीत कुजबुज सुरू झाली की काकू करणी करतात. दुसऱ्या मजल्यावरच्या पाटीलवहिनी साखर मागायच्या निमित्ताने येऊन कुठे लिंबूबिंबू दिसतंय का ते पाहून गेल्या. शेवटी सोसायटीचे सेक्रेटरीच विचारायला आले. काकूंनी खरं तेच सांगितलं, की अण्णांचा हात सुटावा म्हणून काढते. झालं. बायकांनी यातून नवसाची रांगोळी असा अर्थ काढला. मग कोणाचे गुडघे, कोणाच्या मुलीचं लग्न, कोणाच्या मुलाची बारावी. दिवाळीपर्यंत तिन्ही मजल्यांवर दारोदार त्या जपानी खेळाची खूण काढलेली होती आणि तिच्या कडेला पणत्या लावलेल्या होत्या.

त्याच दिवाळीत दूधवाल्याचा कॅन कलंडला आणि काकूंची रांगोळी धुऊन निघाली. काकूंनी मला वर पिटाळलं. पाटीलवहिनी रोज सकाळी आमच्या दारावरून उतरवून नेतात, त्यांच्याकडे असेल, म्हणाल्या. मी त्यांच्या उंबऱ्याशी उकिडवी बसून एकेक आकार जिन्यातून खाली सांगितला, काकूंनी तो आत पोचवला. वहिनींनी शोभेसाठी कुठे एखादा ठिपका जास्त दिला असावा. खेळ उघडला तो भलतीकडेच. मी खाली आले तर पडद्यावर एक बेट होतं, चारी बाजूंनी संथ पाणी, आणि वाटसरूंच्या झोळीत आम्ही कधी न पाहिलेल्या वस्तू. असं होत नाही, असं मला पुढे एकाने सांगितलं. पण आम्ही तिघांनी ते पाहिलं. धूनसुद्धा वेगळी होती, पाण्यावरून येणाऱ्या आवाजासारखी. मग काकू हलकेच म्हणाल्या, "दुसऱ्याच कोणाच्या तरी स्वप्नात आलो आपण."

अण्णांना पुढे पाऊल टाकू न देता त्यांनी यंत्र बंद केलं. मालक नसताना दुसऱ्याच्या घरात हिंडू नये, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे सगळा प्रवास पहिल्यापासून करावा लागला, पण त्याचं दोघांनाही काही वाटलं नाही. विहिरीवरच्या म्हातारीने पुन्हा जेवून जा म्हटलं. आणि पाटीलवहिनींच्या मुलीचं लग्न त्याच हंगामात जमलं, त्यामुळे रांगोळीचा महिमा आणखीच वाढला.

काही वर्षांनी आमच्याकडे कंप्युटर आला आणि कॉलेजातल्या एका सहकाऱ्याने मला त्याच खेळाची इंग्रजी सीडी दिली. मी हुरळून गेले. इतकी वर्षं बिचारे अंधारात चाचपडतायत, आता आपण त्यांना खरी गोष्ट सांगू, असा माझा मास्तरकीचा उत्साह. एका दुपारी अण्णांना चाकाच्या खुर्चीतून आमच्याकडे आणलं. ते खेळणार, मी वाचणार आणि मराठीत सांगणार.

आधी म्हातारीकडे गेलो. ती म्हणाली, उत्तरेच्या दलदलीत पाऊल टाकू नका, तिथलं पाणी विषारी आहे. काकूंनी मला पुन्हा वाचायला लावलं आणि तिला कोणीतरी पढवलंय असा निकाल दिला. राजा फार जुन्या वळणाचं इंग्रजी बोलत होता. त्यावर त्या खूश झाल्या, साहेबच तो म्हणाल्या. एकूण मत असं पडलं की पिवळी कॅसेट हे मूळ, आणि इंग्रजीवाल्यांनी भाषांतरात घोळ घातलेला आहे. दोन्हीपैकी एकही भाषा येत नसताना हे मत द्यायला जो आत्मविश्वास लागतो, तो मी अजून एकाही समीक्षकात पाहिलेला नाही.

मग पहिला राक्षस आला. या आवृत्तीत राक्षस थांबत नव्हते. कोपऱ्यात एक पट्टी भरत जाई आणि ती भरायच्या आत 'हो' म्हटलं नाही तर तडाखा बसे. अण्णांचा अंगठा बटणापर्यंत पोचायच्या आत पुढचा वाटसरू कोसळला. पेटी आली नाही. तो ओळीतून नाहीसाच झाला आणि खाली एक वाक्य उमटलं. काकूंनी विचारलं, काय लिहिलंय? मी सवयीने वाचून मोकळी झाले.

"तो मेला, असं लिहिलंय."

अण्णांचा अंगठा उचलला गेला तो तसाच हवेत राहिला. मी जीभ चावली. पिवळ्या कॅसेटीतली पेटी कसली असणार, हे त्या क्षणी माझ्याही डोक्यात लख्ख उजाडलं. ती शवपेटी होती. आमच्याकडे कोणाला पेटीत घालून नेत नाहीत, म्हणून इतकी वर्षं कोणाच्या मनातही आलं नव्हतं. अर्धं अंग गेलेल्या माणसापुढे मी हे काय आणून ठेवलं, असं होऊन गेलं मला. काकूंचा आवाज मात्र नेहमीसारखाच होता. "असं नसतं ते," त्या म्हणाल्या. "पेटी द्यायला विसरलेत हे लोक." आणि अण्णांच्या औषधाची वेळ झाली म्हणून गोळी आणायला समोर गेल्या.

त्या दाराबाहेर पडताच अण्णांनी डाव्या हाताने माझी बाही ओढली. "फर्नांडिस," ते म्हणाले. फर्नांडिस हे नाव काकूंच्या बोलण्यात मी ऐकलं होतं. अण्णांच्या गाडीवरचा इंजिन ड्रायव्हर, त्यांचा जिवाभावाचा दोस्त. मनमाडलाच वारला होता आणि तिथेच त्याला पुरलं होतं. अण्णांनी हवेत एक लांबट चौकोन काढला. मग हात छातीवर ठेवून क्षणभर डोळे मिटले. म्हणजे त्यांनी तसली पेटी पाहिली होती, बहुतेक खांदाही दिला होता. पिवळ्या कॅसेटीत पहिल्यांदा ती दिसली, काकूंनी हातातली मेथी ठेवून तिला गार्डाची पेटी म्हटलं आणि ते हसले, तेव्हापासून त्यांना सगळं कळलेलं होतं. "माले ठाऊक शे," ते म्हणाले. मग ओठांवर बोट ठेवून, काकू गेल्या त्या दाराकडे बघत, एकेक शब्द वेचून आणल्यासारखं बोलले, "तिले सांगू नको."

झटक्यानंतरचं त्यांचं इतकं लांब वाक्य मी दुसरं ऐकलं नाही. चेहऱ्यावर दुःख नव्हतं. उलट खिशात काहीतरी मोलाचं असलेल्या माणसाचा तोरा होता. मी वचन दिलं आणि पाळलं.

त्यानंतर ते दोघं आपल्या पिवळ्या कॅसेटीकडे परत गेले. मी त्यांच्याकडे दुपारी जाऊन बसायची तेव्हा आता मला दोन गोष्टी दिसायच्या. एक पडद्यावरची, आणि एक अण्णांची. पेटी आली की ते चोरून काकूंकडे बघत, त्यांना काही कळलं तर नाही ना म्हणून. आणि वाट सोडून, जवळच्या जवळ देऊळ गाठून, पेटी लवकरात लवकर मिटवून टाकत. काकू आपल्या निवांत शेंगा सोलत असत.

तिसरी आवृत्ती आली तेव्हा नवं शतक बऱ्यापैकी रुळलं होतं. सिंगापूरला गेलेल्या भाच्याने हातात मावेल एवढं यंत्र आणलं. त्यात माणसांना चेहरे होते, ती तोंडाने बोलत होती, गाणीसुद्धा म्हणत होती. कुठे जायचं ते एक बाण दाखवी. लढाईचं सांगून ठेवलं की खेळ आपला आपण लढे. भाच्याला वाटलं, मामांना किती सोपं पडेल. काकूंनी चष्मा लावून दोन दुपारी तो पाहिला आणि तिन्ही आवृत्त्यांचा निवाडा केला. पिवळी म्हणजे पॅसेंजर. प्रत्येक स्टेशनावर थांबते, पण कोण कुठे उतरलं ते कळतं. इंग्रजी म्हणजे एक्स्प्रेस. आपण धापा टाकत पोचावं आणि ती सुटलेली असावी. आणि ही नवी म्हणजे तो गारेगार डबा. बसायला मऊ, पण खिडकी उघडत नाही. मग त्यांनी त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला. भाच्याने सांगितलं की यात पेटी वगैरे काही नाही मामी, पडलेला माणूस जरा डोक्याभोवती तारे फिरवत बसतो आणि लढाई संपली की आपोआप उठतो.

"म्हणजे कोणी कोणाला ओढून न्यायलाच नको," काकू म्हणाल्या, आणि यंत्र डब्यात घालून परत दिलं.

त्या वर्षी थंडी पडू लागली तेव्हा अण्णा गेले. दुपारी जेवून झोपले ते उठले नाहीत. उजव्या हाताने त्यांनी जेवताना पोळीचा तुकडा मोडला होता, असं काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या. तो हात आखडला नाही, हे त्यांना सगळ्यांना कळायला हवं होतं. मला फार रडू आलं. वडील गेले तेव्हा मी इतकी रडले नव्हते. काकूंच्या दाराबाहेरची रांगोळी बंद झाली. दारही दुपारचं बंद दिसू लागलं. हळूहळू वरच्या मजल्यांवरच्या बायकाही स्वस्तिकावर आणि गोपद्मांवर परत गेल्या.

उन्हाळ्यात आम्ही गंगापूररोडला घर घेतलं. सामान हललं, त्या दुपारी मी काकूंचा निरोप घ्यायला गेले. दार उघडं होतं. पडदे ओढलेले होते आणि भिंतीवर निळसर उजेड हलत होता. टीव्ही त्याच काळ्या पेटीवर होता. काकू अण्णांच्या खुर्चीत बसून खेळत होत्या. मी शेजारी टेकले. पडद्यावर तीन वाटसरू चालले होते आणि मागे पेटी. नेहमी सगळ्यांत पुढे असायचा तो निळ्या कपड्यांतला, अण्णांचा, ओळीत दिसत नव्हता. देऊळ अगदी समोर आलं. काकू त्याला वळसा घालून पुढे गेल्या.

मला राहवलं नाही. "काकू, देवळात नेत नाही?"

वाटसरूंना थोडं पुढे नेऊन त्या म्हणाल्या, "ह्यांनी तुम्हाला फर्नांडिसचं सांगितलं होतं ना? गोळी घेऊन आले तेव्हा दारातून ऐकलं मी."

मी होकारार्थी मान हलवली.

"त्या मयताला मी गेले होते. ह्यांच्या शेजारीच उभी होते. मी तिथे होते, नेमकं तेवढंच झटक्यात ह्यांच्या डोक्यातून पुसलं गेलं." त्या पडद्याकडेच बघत होत्या. "पहिल्या दिवशी मला खरंच गार्डाची पेटी वाटली. मग चार दिवसांनी लक्षात आलं."

"मग त्यांना कधी बोलला नाहीत?"

"कशाला? मी, डॉक्टर, भाचा, तुम्ही, सगळे ह्यांनाच सांभाळत होतो. त्यांना सांभाळायला काही उरलंच नव्हतं. हे एक होतं. मला कळू नये म्हणून जपायचे. तेवढ्यासाठी रोज उठून बसायचे हो ते."

स्टेशनाकडून मालगाडीची शिटी आली आणि ती संपेपर्यंत काकूंनी वाटसरूंना तसंच उभं ठेवलं. मग पदराने चष्मा पुसला.

"नेईन देवळात," त्या म्हणाल्या. "पण आज नको. आज मनमाडपर्यंत जाऊ दे. पेटी चढल्याशिवाय गाडी सुटत नाही म्हणायचे. आता चढलीय."

त्यांनी बटण दाबलं. तिघं निघाले आणि मागोमाग पेटी. नदी ओलांडली, जंगल मागे पडलं. वाटेत ते गाव लागलं आणि काकू वाट वाकडी करून विहिरीपाशी गेल्या. म्हातारी तिथेच उभी होती. तिने तिचं वाक्य म्हटलं.

"जेवून जा," काकू म्हणाल्या. हे त्यांनी कोणाला म्हटलं ते मी विचारलं नाही. मी घरून जेवून आले होते, बाहेर टेम्पो थांबला होता. तरी मी पर्स खाली ठेवली आणि बसले.